घोड्यानं खाल्लेली झालर

मामांच्या घोड्यानं ट्रॉलीतली झालर खाल्ली, ही गोष्ट एके काळी कोल्हापूरच्या तांगा अड्ड्यावर सगळ्यांना तोंडपाठ होती. जो तो आपापलं मीठमसाला घालून सांगायचा. कुणाच्या सांगण्यात घोडा झालर खाऊन शर्यत जिंकायचा, कुणाच्या सांगण्यात तो दोन दिवस गुलाबी लीद टाकायचा. यातलं दुसरं खरं आहे. शेवट मात्र सगळे एकच सांगायचे, की मिस्त्रींनी दोर वाईट दिला. तो शेवट खोटा आहे आणि तो मी तयार केलेला आहे. आता माझं वय ऐंशीच्या पुढं गेलंय, म्हणून जे झालं ते पहिल्यापासून सांगतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझे मामा शर्यतीचे शौकीन. शहराला लागूनच त्यांचा मळा होता. चार म्हशी, ऊस आणि एक तांबडा घोडा. म्हशी आणि ऊस घर चालवायचे, घोडा मामांना चालवायचा. त्या काळी गावोगावच्या यात्रांत घोडागाडीच्या शर्यती होत. हलकी दोनचाकी गाडी, तिला एक घोडा, आणि कडेला आरडाओरडा करणारं अख्खं गाव. अडचण घोडा नेण्याची होती. लांबच्या गावाला चालवत नेला तर तो तिथं पोचेपर्यंतच दमायचा. ट्रकात चढवला तर उतरताना घामानं निथळत असायचा आणि डोळे पांढरे केलेले असायचे.

म्हणून मामांनी खास घोड्यासाठी एक ट्रॉली करून घेतली. मोडीतल्या जीपचा आस, लोखंडी अँगलचा सांगाडा, चारी बाजूंनी पत्रा, आणि मागची फळी खाली टाकली की चढायला उतार तयार. मामांच्या जुन्या जीपच्या मागं ती जोडायची. वेल्डरनं काम झकास केलं होतं, पण घोड्याला ते पटलं नाही. आत पाय टाकला की पत्रा धडधडे, आणि पहिल्याच दिवशी अँगलच्या कडेनं त्याच्या मांडीला चांगली बोटभर चीर पाडली.

मामा म्हणाले, "आतनं मऊ कराय पायजे. मिस्त्रीला बोलवा."

मिस्त्रींचं दुकान तांगा अड्ड्याच्या मागच्या बाजूला होतं. मुसलमान घर. वडील-आजोबांपासून तांग्याच्या गाद्या, घोड्याचा साज आणि दोर हेच काम. दोर ते घायपाताचा वळायचे. बांधावरचं घायपात कापून आणायचं, कुजवून त्याचा वाख काढायचा, वळायचा, आणि वळून झाल्यावर कडुलिंबाच्या पाल्यात उकळून वाळवायचा. शर्यतवाले सगळे त्यांच्याकडं जायचे. मिस्त्रींचा लगाम तुटला असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

ते आले, ट्रॉलीत चढले आणि घोडा जिथं जिथं टेकेल तिथं तिथं तळहात फिरवत गेले. मग म्हणाले, "पत्र्याला काथ्याच्या गाद्या मारतो. अँगलच्या कडंला दोर गुंडाळायचा, घट्ट, मधी बोट शिरता कामा न्हाय. आनि ह्यो पुढचा आडवा दांडा बगा. हितं घोड्याचं तोंड येतंय. हितं नुसता पट्टा. लोंबतं काय बी ठेवायचं न्हाय. घोडं उभं ऱ्हाऊन कटाळतंय, आनि कटाळलं की तोंड चालवतंय."

मी तिथंच उभा होतो. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, एका शाळेत चित्रकला शिकवत होतो, आणि आपल्या हातात कला आहे आणि कोल्हापूरला अजून तिचा पत्ता लागलेला नाही, अशी माझी समजूत होती. मी म्हणालो, "दोराचं काम मी करतो. त्यात काय, गुंडाळायचाच तर आहे."

मिस्त्रींनी माझ्या हातांकडं बघितलं. "मास्तर, सालटं निघंल."

"निघू दे."

"करू द्या त्याला," मामा म्हणाले. "सुट्टीत भिंतीवर मोर काढत बसण्यापरीस बरं. मागल्या खेपंला माझ्या गोठ्याच्या भिंतीवर हत्ती काढला हुता, म्हस दोन दिस आत जाईना."

मिस्त्री हसले आणि कबूल झाले. लग्नसराई होती, त्यांच्याकडं तांग्यांच्या गाद्यांची रांग लागली होती. दोन दिवसांत त्यांनी ट्रॉलीत गाद्या मारून दिल्या, दोराची दोन मोठी वेटोळी माझ्या हवाली केली आणि जाताना पुन्हा म्हणाले, "पुढं नुसता पट्टा, मास्तर."

काम मी खरंच मन लावून केलं. अँगलवर दोराचं टोक दाबून धरायचं, त्यावरूनच पहिले चार वेढे घ्यायचे म्हणजे टोक आपोआप अडकतं, आणि पुढचा प्रत्येक वेढा लाकडी ठोकळ्यानं मागच्याला भिडवायचा. पहिल्या दिवशी तळहाताची कातडी गेली, दुसऱ्या दिवशी चिंध्या बांधून बसलो. पण कडा अशा झाल्या, की वरून हात फिरवला तर वाटावं एखाद्या मोठ्या टोपलीच्या आत उभे आहोत. घोडा आत नेला तर दोनदा फुरफुरला आणि गप उभा राहिला. तिथं थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण तो पुढचा आडवा दांडा माझ्या डोळ्यांत सलायला लागला. सगळीकडं नक्षी आणि मधोमध एक चामड्याचा पट्टा. गणपतीच्या आराशीतला गुलाबी रंग घरात उरला होता. उरलेल्या दोराचे पेड सुटे करून मी रंगात बुचकळले आणि वाळत घातले. दांड्यावर जाड तिपेडी वेणी घालायची, खाली झालर सोडायची आणि टोकांना गोंडे, असा बेत. अर्धी वेणी झाली आणि दोर संपला. शर्यत दोन दिवसांवर आलेली. मिस्त्रींकडं दोर मागायला जावं तर ते विचारणार, कशाला? आणि सांगितलं असतं तर त्यांनी मला दुकानातून हाकलून दिलं असतं.

मामांच्या मळ्याशेजारी गुऱ्हाळ चालू होतं. तिथं उसाचा रस उकळायची ती मोठी काहील चुलवाणावरून ओढून काढायला जाड दोर वापरत. असे दोन जुने दोर खांबाला टांगलेले मी पाहिले होते. गुळव्याला विचारलं. तो काहिलीत बघत बघतच म्हणाला, "न्या की. नवं आल्यात आमचं. तेवढ्या मुंग्या झटकून न्या."

मुंग्या मी झटकल्या. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की आपल्याला काय ठाऊक होतं. मुंग्या लागलेला दोर कशाचा असतो हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. दोन-तीन हंगामांचा रस आणि पाक त्या दोरात मुरलेला होता. माझं लक्ष भलतीकडंच गेलं. तो दोर पाकानं कडक झाला होता, पीळ द्याल तसा राहत होता, आणि वर वॉर्निश मारल्यासारखी तपकिरी झाक होती. गुलाबी पेडांत तो तपकिरी पेड गुंफला आणि मी मागं सरून बघितलं, तर काय सांगू! असं काही कोल्हापुरात कुणी केलं नव्हतं. का केलं नव्हतं हा विचार मनात आला नाही.

शर्यतीला निघायच्या आदल्या संध्याकाळी मळ्यावर बघ्यांची गर्दी झाली. एकजण म्हणाला, "आयला, घोडा ऱ्हातोय का नवरी?" दुसरा म्हणाला, "मास्तर, आमच्या खोलीला बी अशीच झालर लावा की, बायको माहेरास्नं येत न्हाय." मामांनी मिशीवरून हात फिरवत सगळ्यांना चहा पाजला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली संध्याकाळ होती असं म्हणायला हरकत नाही.

शर्यत मुरगुडाच्या पलीकडं एका यात्रेत होती. आम्ही सकाळी निघालो. रस्ता खड्ड्यांचा, जीप म्हातारी, दोन तास सहज लागले. मामा चालवत होते, मी शेजारी. मागून नेहमी लाथा, फुरफुर, पत्र्याचा धडधडाट असा संसार ऐकू यायचा. त्या दिवशी काही नाही. मामा खूश. "बगितलास? जनावराला सुख कळतंय. मिस्त्रीची गादी आनि तुझी झालर, घोडं समाधीत गेलंय."

पोचल्यावर फळी खाली टाकली. घोड्यानं मान वळवून आमच्याकडं बघितलं. ओठ, दात, हनुवटी सगळं गुलाबी, एखाद्यानं पानाचा तोबरा भरावा तसं. दांड्यावर झालरीतलं काही उरलं नव्हतं. वेणीचा वीतभर तुकडा एका टोकाला लोंबत होता आणि तो त्याच्याकडं जीभ लांब करत होता.

लोक आधी हसले. मामाही हसले. मग तासाभरात घोड्यानं पोटाकडं मान वळवून बघायला सुरुवात केली, पाय झाडले आणि खाली बसला. मग कुणी हसलं नाही. यात्रेतून जनावरांचे डॉक्टर शोधून आणले. त्यांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं आणि सांगितलं, लोळू द्यायचा नाही, फिरवत ठेवायचा. शर्यतीच्या गाड्या पलीकडं सुटत होत्या, आरोळ्या ऐकू येत होत्या, आणि आम्ही मामा-भाचे घोड्याला धरून एका मोकळ्या रानात गोल गोल फिरत होतो. चौथ्या की पाचव्या फेरीला मामांनी विचारलं, "कुणाचा दोर ह्यो?"

मी म्हणालो, "मिस्त्रींचा."

गुलाबी पेड मिस्त्रींचे होतेच. माझ्या बोलण्यात निम्मं खरं होतं, आणि त्या निम्म्यामुळं ते तोंडातून सहज निघालं. मामांनी मारलं नसतं, बोलले असते आणि विसरले असते. मला भीती होती ती हसण्याची. गुऱ्हाळातला दोर घोड्याच्या तोंडापुढं बांधणारा चित्रकलेचा मास्तर! कोल्हापूरनं मला जन्मभर सोडलं नसतं.

संध्याकाळपर्यंत घोडा मोकळा झाला. त्याला पुढं काहीही झालं नाही, दोन महिन्यांनी तो शर्यतही धावला. गुलाबी लीद त्यानं दोन दिवस टाकली आणि तीत माझ्या वेणीचे पेड दिसत होते, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॉलीतला उरलेला वीतभर तुकडा सोडवला, गुऱ्हाळातला शिल्लक दोर घेतला आणि घरी नेऊन आंघोळीच्या बंबात घातला. जरा वेळानं स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कोण रं गूळ करपवायला लागलंय?" मी म्हणालो, शेजारी असेल.

दुपारी मामा मला घेऊन तांगा अड्ड्यावर गेले आणि मिस्त्रींच्या दुकानासमोर उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, भाईर या! दोर दिलासा का वैरण दिलीसा?"

मिस्त्री हातातलं दाभण तसंच धरून बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचाही आवाज चढला. "घायपाताचा दोर, त्यो बी लिंबात उकळलेला, घोडं खातंय? उद्या तुमचं घोडं जीप खाईल, तवा बी माझ्याकडंच यायचं?"

"खाल्लाय म्हंजे खाल्लाय! दुपारभर मी त्याच्यासंगं रान तुडीवलंय!"

"आना मग तुकडा. माझा पीळ मी डोळं झाकून वळखीन."

"मगाशी बगितलं, ट्रॉलीत काय न्हाय. तुकडा पोटात गेला की!"

भोवती जमलेले तांगेवाले हसले. मिस्त्री माझ्याकडं वळले. "समदा कसा जाईल? मास्तर, काय तरी उरलं असंल की ट्रॉलीत?"

मी म्हणालो, "काही उरलं नाही."

तेव्हा त्यांनी दुकानातून नवा दोर आणला आणि अड्ड्यावरच्या घोड्यांच्या तोंडापुढं एकेक करून धरला. पहिल्यानं मान फिरवली. दुसरा शिंकला. तिसरी एक म्हातारी घोडी होती, ती दिसेल ते तोंडात घ्यायची. तिनं दोर तोंडात घेतला. "खाल्ला! खाल्ला!" असा एकच कल्ला उठला. घोडीनं दोनदा चावून, ओठ मागं ओढून तो थुंकून टाकला, पण तोवर लोक एकमेकांना टाळ्या देत होते. कुणीतरी मागून ओरडलं, "वैरण मिस्त्री!" ते नाव तिथंच चिकटलं.

मिस्त्री दोर हातात घेऊन उभे होते. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललो नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर हळूहळू झालं. शर्यतवाल्यांनी त्यांच्याकडं जाणं सोडलं. पोटाला लागणारा दोर म्हटल्यावर कोण घेईल? कुणी तसं तोंडावर म्हणायचं नाही. "वैरण मिस्त्रीचं काम बरं हाय, पर…" एवढं म्हणायचे. साजाचं काम गेलं, दोर वळणं बंद झालं, गाद्या तेवढ्या राहिल्या. मग रिक्षा वाढल्या आणि तांगेही कमी झाले. ते माझ्यामुळं नव्हे. पण साजाचं काम हातात असतं तर त्यांनी ते दिवस वेगळ्या ऐटीत काढले असते.

ऐंशी सालानंतर कधीतरी एकदा ते मला एसटी स्टँडवर भेटले. वळकटी आणि एक ट्रंक घेऊन बाकावर बसले होते. दुकान बंद करून गडहिंग्लजला मुलीकडं कायमचे निघाले होते. मला बघून सरकून जागा दिली. इकडचं तिकडचं झालं आणि मग अगदी साध्या आवाजात, एका कारागिरानं दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "मास्तर, मी लई इचार केला. गोड असल्याबिगर घोडं दोर खात न्हाय. काय लावलंतासा त्याला?"

मी म्हणालो, "रंग. नुसता रंग."

"रंग गोड नसतोय," ते म्हणाले. मग गडहिंग्लजची गाडी लागली. ट्रंक मी उचलून दिली. खिडकीतून त्यांनी हात केला. त्यानंतर ते मला भेटले नाहीत.

मामा गेले, तेही तीच गोष्ट खरी धरून. मी नोकरीतून निवृत्त झालो. नातवंडं मला म्हणायची, आजोबा, ती घोड्याची गोष्ट सांगा, आणि मी सांगायचो. मिस्त्रींवर ढकललेला शेवटसुद्धा सांगायचो, सवयीनं. मागच्या वर्षी धाकट्या नातीनं ती ऐकून विचारलं, "मग त्या मिस्त्रींचं काय झालं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आठवड्यानं एसटीत बसून गडहिंग्लजला गेलो आणि विचारत विचारत घर शोधलं.

मिस्त्री पुष्कळ वर्षांपूर्वीच वारले होते. मुलगी आता साठीची, घराच्या पुढच्या खोलीत मोटरसायकलच्या सीट शिवायचं दुकान चालवते. वडिलांचीच दाभणं वापरते. मी कोण ते सांगितलं. तिनं चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, मुंग्या, बंब, अड्डा, स्टँड. ती हातातलं काम न थांबवता ऐकत होती. मध्ये एकदाच थांबली, बंबाचं सांगितलं तेव्हा.

मग म्हणाली, "काका, शाळेत पोरं मला वैरणीची पोर म्हणायची. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या पावण्यांनी अब्बांच्या ताटात गवताची काडी ठेवली हुती, चेष्टा म्हणून. अब्बा हसलं बिचारं."

मी म्हणालो, "मला माफ करा म्हणायला आलोय."

"मला कशाला म्हणतासा? मी काय म्हणणार, जावा, माफ केलं? माझं काय गेलंय? अब्बांना भर चौकात बोलला तुम्ही लोक, शंभर माणसांत. आणि आता हितं येऊन माझ्या कानात सांगून जाणार व्हय?"

मी चहाचा कप खाली ठेवला. ती पुढं म्हणाली, "आता चौक न्हाय, तांगं न्हाईत, ती माणसं बी न्हाईत. पण तुम्ही मास्तर हायसा की. लिव्हा. कुटं तरी छापून येऊ दे."

"नाव घालू का त्यांचं?"

तिनं सुईत दोरा ओवला आणि जरा विचार केला. "नको. खरं नाव कुणाला म्हाईत हाय? वैरण मिस्त्रीच लिव्हा. ज्यानं हसून घेतलं त्याला त्याच नावानं कळंल."

निघताना मी चहाचे पैसे देतो म्हटल्यावर तिनं मला झापलं आणि एसटी किती वाजता आहे ते सांगितलं. माफीचं पुढं काही बोलली नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

म्हणून हे लिहिलं. तांगा अड्ड्यावर त्या दुपारी जे होते, किंवा ज्यांनी ही गोष्ट आपल्या वडिलांकडून, चुलत्याकडून ऐकली असेल, त्यांच्यासाठी सरळ शब्दांत सांगतो. ज्यांना आपण वैरण मिस्त्री म्हणत आलो, त्यांनी दिलेला दोर चांगला होता. घोड्यानं खाल्ला तो गुऱ्हाळातला, पाक मुरलेला दोर. तो मी आणला, त्यांनी नको सांगितलेल्या जागी मी बांधला, आणि मामांनी विचारल्यावर त्यांचं नाव मी सांगितलं. ट्रॉलीच्या कडांना गुंडाळलेला त्यांचा दोर, पुढं ती ट्रॉली भंगारात गेली तेव्हाही जागच्या जागी होता. घोड्यानं त्याला एकदाही तोंड लावलं नव्हतं.